वाकळेचा हिशेब

मैत्रिणींनो,

बोरी अरबच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "ताई, वाकयेचे तुम्ही चारशे देल्ले. ते कसे काढले?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही. चारशे हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला, हे आमच्यापैकी एकीलाही सांगता येत नव्हतं. यवतमाळचा दुकानदार साडेतीनशे देतो, आपली बायकांची संघटना आहे, आपण चारशे देऊ, एवढाच काय तो विचार झाला होता. या अंकाचं संपादकीय त्या प्रश्नाबद्दल आहे.

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्याचं, अडाण नदीकाठचं गाव. भोवताली कापूस, तूर, सोयाबीन. तिथला आपला गट अठरा जणींचा. मजुरीला जाणाऱ्या, दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या, नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणाऱ्या, हिंदू, बौद्ध, मुसलमान अशा सगळ्याच त्यात आहेत. गटाची बैठक एका मैत्रिणीच्या घरी भरते. तिच्याकडे पायाचं शिलाई मशीन आहे. ती गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि परकर शिवते, साड्यांना फॉल लावते. मधल्या खोलीत खिडकीखाली मशीन, त्याच्या बाजूला कातरणांची दोन पोती, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली चटई. घरातली मुलं या खोलीला शिवणखोली म्हणतात. उन्हाळ्यात जेवणं आटोपल्यावर पाच-सहा जणी तिथे वाकळ शिवायला जमतात.

वाकळ म्हणजे गोधडीच. वऱ्हाडी बोलीत तिची वाकय होते, बेळगावकडे तिला कवदी म्हणतात. नाव काहीही असो, ती कशी होते हे आपल्यातल्या बहुतेकींनी आई-आजीजवळ बसून पाहिलेलं असतं. पण पाहिलेलं असूनही आपण ते नीट सांगू शकत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कापड निवडायचं. सगळंच जुनेर चालत नाही. सुती लुगडं सगळ्यांत चांगलं, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, घाम शोषतं आणि सुई त्यातून सहज जाते. नायलॉन, जॉर्जेट सुईखाली सरकतं आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. आता सुती लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्याच कमी राहिल्या, म्हणून चांगलं कापड मिळणं अवघड झालं आहे. मग निवडलेलं सगळं धुवायचं, उसवायचं, विरलेला भाग कापून टाकायचा. काठ वेगळे काढून ठेवायचे, कारण लुगड्याचं अंग विरलं तरी काठ शाबूत असतो आणि वाकळेच्या कडेला तोच लावतात. वरच्या थरासाठी ब्लाउजच्या कातरणांचे चौकोन, त्रिकोण मशीनवर जोडून घ्यायचे. नंतर खालचं लुगडं जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, त्यावर तीन थर जुन्या कपड्यांचे, त्यावर जोडलेला थर. सगळ्यांना मिळून लांब कच्चे टाके. इथून पुढे मशीनचा उपयोग नाही. पाच थर घरगुती मशीनच्या सुईला झेपत नाहीत, सुई मोडते. मग हाताने धावदोरा घालायचा, कडेकडून आत, बोटभर अंतराने ओळीमागून ओळ. ओळी जितक्या जवळ, तितकी वाकळ टिकते. जाड थरातून सुई ओढून ओढून अंगठा आणि तर्जनी सोलवटतात, मान धरते, चाळिशीनंतर संध्याकाळच्या उजेडात टाका दिसत नाही.

एक गोष्ट मला त्या खोलीतच कळली. नवऱ्याने ज्या कपड्यांत कपाशीवर फवारणी केली असेल ते कपडे त्या वाकळेत घालत नाहीत. कितीही धुतले तरी नाही. लेकरांच्या दुपट्यात तर नाहीच नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हा नियम आणखी कडक झाला. कुठल्या कापडातून काय अंगात शिरतं याची जाण या बायकांना आहे. हीसुद्धा कारागिरीच झाली. पण बाई जुन्या कपड्यांचा ढीग चाळत बसलेली दिसते तेव्हा ती पारख करते आहे असं कुणी म्हणत नाही, ती वेळ घालवते आहे असं म्हणतात.

त्या स्वतःही तेच म्हणतात. "हे का काम हाय काय ताई? रिकामं बसल्यापरीस चार टाके घालतो." पहाटे उठून पाणी, भाकरी, मग निंदण, मग परत येऊन सरपण, सैपाक. यात रिकामं बसणं कुठे आहे, असं मी विचारलं तर सगळ्या हसल्या.

आता आमच्या चुकीबद्दल. आपल्या परिषदेला येणाऱ्या वक्त्यांना आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचं नाही असं आपण फार पूर्वी ठरवलं. त्याऐवजी बायकांच्या हाताची वस्तू द्यावी म्हणून या वर्षी बोरी अरबच्या गटाला वीस वाकळा सांगितल्या. त्या आल्या, सुरेख आल्या. परिषदेत त्यांचं फार कौतुक झालं. व्यासपीठावरून एकीने त्यांना आजीच्या मायेची ऊब म्हटलं, दुसरीने स्त्रियांच्या सामूहिक जगण्याचं प्रतीक म्हटलं. मी स्वतः आभार मानताना तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या चळवळीबद्दल चार वाक्यं बोलले, टाळ्याही मिळाल्या. शिवणाऱ्या अठरा जणींपैकी दोघी सभागृहात मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना व्यासपीठावर बोलवायचं आम्हाला सुचलं नाही. आणि वाकळेमागे चारशे रुपये दिले होते.

बैठकीत तो प्रश्न आला तेव्हा आम्ही ठरवलं की आता मोजूनच पाहू. घरची दहावीतली मुलगी वही घेऊन बसली. एका वाकळेला जी जितका वेळ बसेल तितका ती लिहून ठेवी. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, मधे पाणी भरायला गेली तर तेवढा वेळ वजा. अकरा दिवस हे चाललं. कापड निवडणं, धुणं, उसवणं आणि वरचा थर जोडणं यांना नऊ तास. थर लावून कच्चे टाके घालणं, तीन तास. धावदोरा चोवीस तास. काठ लावून कडा पक्की करणं, दोन तास. एकूण अडतीस तास. दोरा, सुया आणि थोडं विकतचं कापड यांचा खर्च एकशे वीस रुपये.

चारशेतून एकशे वीस गेले, राहिले दोनशे ऐंशी. अडतीस तासांना दोनशे ऐंशी म्हणजे तासाला साडेसात रुपयेही पडत नाहीत. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. आठ तासांचा दिवस धरला तर अडतीस तास म्हणजे पावणेपाच दिवस, मजुरी होते १,४८२ रुपये. वर खर्च धरून सोळाशे. हा काही कलाकुसरीचा दर नव्हे. खड्डे खोदण्याच्या कामाला सरकारने धरलेला दर आहे. म्हणजे एका वाकळेमागे बाराशे आणि वीस वाकळांमागे चोवीस हजार रुपये बोरी अरबच्या बायकांनी आपल्या परिषदेला देणगी दिले. त्यांना न विचारता घेतलेली देणगी. मुलीने हे आकडे वाचून दाखवले तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मग ज्या मावशींनी प्रश्न विचारला होता त्या म्हणाल्या, "मंग त्या दुकानदाराले काऊन शिव्या द्याच्या?"

महाराष्ट्रातल्या बायकांना हमीच्या कामाचा अनुभव आहे. इथला रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून लागू झाला, देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधी. पाझर तलावांवर, रस्त्यांवर लाखो बायकांनी माती वाहिली, खडी फोडली. त्या कामात खूप फसवणूक झाली, मापं चोरली गेली, मजुरी महिनोन् महिने अडकली. पण एक होतं. मातीचं माप होतं. इतके घनमीटर माती, इतका दर. माप चोरलं तर मोर्चा काढता येत होता, कारण माप आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. वाकळेला असं मापच नाही. टाका मोजायचा असतो असं शिवणारीलाही वाटत नाही, विकत घेणारीलाही वाटत नाही. म्हणून तिथे भांडणच उभं राहत नाही.

वास्तविक मोजण्याची सोय आता कागदावर आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या जगभर मानलेल्या पद्धतीत घरच्यासाठी केलेला स्वयंपाक धरत नाहीत, पण घरच्या वापरासाठी बनवलेली वस्तू उत्पादन म्हणून धरायची असते. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीतही घरच्यासाठी वस्तू बनवण्याचा वेगळा रकाना आहे. २०२४ च्या त्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं आलं, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. सरकारी कागदात निदान रकाना तरी आहे. आपल्या संघटनेच्या जमाखर्चात मात्र वाकळा "भेटवस्तू" या नावाखाली होत्या. मजुरीच्या रकान्यात त्या नव्हत्या.

मायेची ऊब हे शब्द खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. पण ते कधी आणि कुणाबद्दल वापरले जातात ते पाहावं. आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचं वस्त्र असे. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत आणि साधू मानत. चिंध्यांत त्यांनी आपलं वैराग्य पाहायला शिकवलं, ते थोरच होतं. पण ज्या बाईच्या अंगावर चिंधी तिच्या मर्जीने आलेली नाही, तिला कुणी साधू म्हणत नाही. तिला गरीब म्हणतात. आणि ती चिंधी जोडून तिने उबदार पांघरूण केलं तर त्याला तिचं प्रेम म्हणतात. प्रेमाचे पैसे मागायचे नसतात, हे तिला लहानपणापासून पक्कं शिकवलेलं असतं. कौतुक करणाऱ्याचा त्यात पुष्कळ फायदा असतो.

यात जातही आहे. गावात जुनेर कोण कुणाला देतं ते पाहा. मोठ्या घरची बाई साड्यांचं गाठोडं देते आणि म्हणते, यातून दोन वाकळा मला करून दे, उरलेलं तू ठेव. उरलेलं हीच मजुरी. देणारीला वाटतं आपण उपकार केला. शिवणारीला उपकाराचा दर विचारता येत नाही. आपणही जुनी पातळं गटाला पाठवली होती आणि ती मोजून चारशेच्या दरात धरली होती, हे मला हिशेब करताना आठवलं.

चिंध्या शिवणाऱ्या बायकांनी हे भांडण पूर्वी कुठे केलंच नाही असं नाही. अहमदाबादच्या दरियापूर भागात मुसलमान बायका घरी बसून गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजईच्या खोळी शिवत. व्यापारी चिंध्या तोलून द्यायचा, तयार खोळी मोजून घ्यायचा, नगावर पैसे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेत आल्या आणि दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी दर वाढवायचं कबूल केलं आणि मग पुढाकार घेणाऱ्या बायकांना काम देणंच बंद केलं. घरात बसून काम करणाऱ्या बाईला कामावरून काढायला नोटीस लागत नाही, उद्या चिंध्या आणू नको म्हटलं की झालं. तेव्हा त्यांनी स्वतः चिंध्या मिळवून, स्वतः शिवून, स्वतः विकायला सुरुवात केली. त्यातूनच १९८२ साली 'सबीना' ही त्यांची सहकारी मंडळी उभी राहिली. खुद्द 'सेवा'ची कामगार संघटना म्हणून १९७२ साली नोंदणी होतानाही हीच अडचण आली होती. मालक दाखवता येत नाही तर तुम्ही कामगार कशा, असं कामगार खात्याने विचारलं होतं.

समुद्रापलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं. अलाबामा राज्य आपल्यासारखंच कापसाचं. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांच्या लेकी-नातींनी तिथे शेतावरचे फाटके कपडे जोडून पांघरुणं शिवली. १९६६ साली, नागरी हक्कांच्या लढ्यात, त्यांतल्या काहींनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मताचा हक्क मागितला म्हणून ज्यांची कामं आणि घरं गेली त्या कुटुंबांना त्या पैशांचा आधार झाला. पुढे २००२ साली त्याच भागातल्या जीज बेंड या वस्तीतली पांघरुणं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागली, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यानंतरच्याच वर्षी काही शिवणाऱ्या बायकांनी आपल्याला आपला वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे लावले. संग्रहालयाच्या भिंतीवर जागा मिळाली तरी हिशेबाचा प्रश्न तसाच राहतो, एवढंच त्यावरून घ्यायचं.

परत शिवणखोलीकडे येते. मी उन्हाळ्यात गेले म्हणून मला ती खोली दिसली. दिवाळीनंतर गेले असते तर दिसली नसती. कापूस घरात आला की पहिल्यांदा तीच खोली भरते. भाव वाढेल म्हणून कापूस ठेवायचा, तो छतापर्यंत रचायचा. मशीन ओसरीत जातं, चिंध्यांची पोती माळ्यावर जातात, कापसाची खाज अंगाला लागते म्हणून पोरं बाहेर झोपतात. तो कापूस वेचला कुणी? याच बायकांनी, किलोवर. त्यांच्याच हातांनी वेचलेला कापूस त्यांची बसायची जागा घेतो, आणि त्याचा भाव ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. वर्षातले चार महिने शिवणखोली नसते. म्हणजे ती तिची खोली नाहीच, कापूस नसतो तेव्हा तिला वापरायला दिलेली जागा आहे.

गटातली एक जण नवरा गेल्यावर सासरहून माहेरी आली. घर सासऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर. येताना तिने काय आणलं, तर चार वाकळा. शिलाई मशीन तिला गावातल्या कार्यक्रमात मिळालं होतं, फोटोही निघाला होता. पण ते दिराने ठेवून घेतलं. घरात आलेली वस्तू घराची, म्हणाला. तिच्याकडे पावती नव्हती. शिलाई मशीन वाटप हा आपल्याकडे स्त्रियांच्या विकासाचा जुना आणि आवडता कार्यक्रम आहे, सगळ्या पक्षांचा. मशीन मिळालं ते बरंच. पण ते कुणाच्या नावावर, कुठल्या खोलीत, त्यावर शिवलेल्याचा दर काय, हे तीन प्रश्न वाटपाच्या दिवशी कुणी विचारत नाही. घरावर नवरा-बायको दोघांचं नाव लावावं असा ग्रामविकास विभागाचा निर्णय २००३ सालचा आहे. बोरी अरबच्या बैठकीत विचारलं, तुमच्यापैकी किती जणींचं नाव ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत आहे? अठरातून चार हात वर आले. त्यातल्या दोघी विधवा.

आता या हिशेबाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते सगळं गोड नाही. आमच्या कार्यकारिणीत दोन मतं पडली. दर दोन्ही बाजूंनी कबूल केलेला होता, आता मागचं उकरून काढायला नको, असं काहींचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, आपल्याकडे पैसा नाहीच. पण दुकानदारही नेमकं हेच म्हणतो, बाईने कबूल केलं होतं. शेवटी ठरलं की फरकाचे चोवीस हजार दोन हप्त्यांत द्यायचे. पहिला हप्ता दिला. त्यासाठी या अंकाची आठ पानं कमी केली आहेत. अंक तुम्हाला बारीक वाटला असेल तर कारण हे.

दुसरीकडे, गटाने नवा दर सांगितल्यावर दुकानदाराने माल घेणं थांबवलं. बाजारात पानिपतचं ब्लँकेट पाचशेला मिळतं. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचं सूत काढून तिकडच्या गिरण्यांत स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणजे ती एका परीने यंत्राची वाकळच, आणि तिच्याशी हाताच्या टाक्याची बरोबरी होणार कशी? गटातल्या दोघी माझ्यावर रागावल्या. "तुमच्या वहीनं माह्या हातचं काम गेलं," असं एक तोंडावर म्हणाली. तिला मुलीच्या फीचे पैसे त्या साडेतीनशेतून द्यायचे होते. तिला मी काय सांगणार? तासाला सहा रुपयांनी काम करणं अन्याय आहे हे तिला ठाऊक होतंच. शून्यापेक्षा सहा बरे, हेही ठाऊक होतं.

बऱ्याच वादानंतर गटाने स्वतःच वाट काढली. विरळ टाक्यांची, कमी तासांची एक वाकळ, तिचा दर साडेआठशे. दाट टाक्यांची सोळाशे. कुणीही एकटीने याखाली माल द्यायचा नाही. कापड देणारीने कापडाचे पैसे मजुरीतून कापायचे नाहीत. आणि लेकीच्या बाळंतपणाचं दुपटं विकायचं नाही, ते आपलं आपल्यासाठी. दुपट्यावर सगळ्यांचं एकमत लगेच झालं. पैसे मागितले की माया आटते अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावं. कुठला टाका प्रेमाचा आणि कुठला मजुरीचा हे शिवणारीला नेमकं कळतं. ते ठरवायचा अधिकार तिचा असावा, एवढंच मागणं आहे. रागावलेल्या दोघींपैकी एक परत गटात बसायला लागली आहे. दुसरी अजून येत नाही.

कायद्याच्या बाजूने फारसं काही हाती नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला, भारताने तो मान्य केलेला नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. त्या व्याख्येतही काम सोपवणारा मालक दाखवावा लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा १९७२ च्याच जागी येतो. तेव्हा वाकळ शिवून घेणाऱ्या आपल्यासारख्या संघटनांनी आधी स्वतःला मालक म्हणवून घ्यायला शिकलं पाहिजे. तो शब्द आपल्याला आवडत नाही. पण बोरी अरबच्या त्या वीस वाकळांपुरत्या आपण मालकच होतो, आणि वाईट मालक होतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही पापड होत असतील, पिशव्या होत असतील, गोधड्या होत असतील. एक वही करा. एका वस्तूचे तास मोजा, एकदाच, पण नीट. मोजणारी आणि शिवणारी वेगळी असू द्या, म्हणजे वेळ चोरला जाणार नाही. शिवणारी आपलाच वेळ सगळ्यांत आधी चोरते. मशीनची पावती तिच्या नावावर करून घ्या. घराच्या नोंदीत तिचं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहून या. आणि आपल्या कार्यक्रमात कुणाच्या हाताची वस्तू द्याल, तेव्हा तिच्या दराची चौकशी करा आणि तिला व्यासपीठावर बसवा.

तुमचे आकडे आम्हाला कळवा, लाजिरवाणे असले तरी. पुढच्या अंकात ते छापू. तोवर दुसरा हप्ता देऊन झालेला असेल, आणि पानं पुन्हा पूर्ण होतील अशी आशा आहे.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी